सातू तुडवायचे दिवस

माझा थोरला भाऊ तोकमान लढाईहून परत आला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे गेलेले होते. सुरुंग फुटला होता. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत एक लांब व्रण सोडला तर बाकी तो अगदी धडधाकट होता. वय सव्वीस. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्यातली तीन तो सैन्यात आणि इस्पितळात होता.

घरात आम्ही तिघी. आई, गापनान वहिनी आणि मी. वडील लढाईच्या आधीच गेले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आमचं सोलगोल म्हणजे जोल्ला प्रांतातलं अठरा घरांचं गाव, मागे पाइनची टेकडी, आणि त्या टेकडीच्या उतारावर आमचं तांबड्या मातीचं शेत. भातखाचर नावापुरतं होतं. वसंतात जुना भात संपला की पोट भरायचं ते या वरच्या शेतातल्या सातूनं.

दादा आला तो आतल्या खोलीत गेला, आणि तिथेच राहिला. चुलीच्या बाजूची जमीन उबदार असते, तिथे आई त्याचं अंथरूण घालायची. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. बोलायचा नाही असं नाही, विचारलं तर उत्तर द्यायचा. आई त्याचं सगळं स्वतः करायची. परसाकडेसुद्धा हात धरून न्यायची. आम्ही दोघी काही करायला गेलो तर म्हणायची, "तुम्ही शेताचं बघा. माझं गेलेलं पोर मला परत मिळालंय, त्याला आता मी काही लागू द्यायची नाही."

म्हणून आम्ही शेताचं बघायचो.

त्या वर्षी शरदात नांगरट उशिरा झाली. बैल शेजारच्या प्योकाकांचा, त्यांचं आटोपल्यावर आम्हाला मिळाला. तोवर दोन दिवस पाऊस पडून गेला होता. ओल्या चिकणमातीत नांगर फिरला आणि वरून कडक ऊन पडलं. शेतभर भोपळ्याएवढी ढेकळं. ती लाकडी मोगरीनं फोडायची असतात. पूर्वीचा दादा असता तर त्यानं चार दिवसांत फोडली असती. वहिनी आणि मी दोन दिवस झोडपत राहिलो, तिसऱ्या दिवशी माझ्या तळहातावरचे फोड फुटले. वहिनीनं माझे हात बघितले आणि मोगरी खाली टाकली.

"राहू दे वन्सं. अर्धी झाली. उरलेली थंडी फोडेल."

घरी आल्यावर आईला ते सांगितलं, तर आई म्हणाली, "थंडी काय तुझ्या माहेरची मोलकरीण आहे?"

वहिनी समुद्रकाठच्या गावची होती. शेती तिला आमच्या घरीच येऊन शिकावी लागली, आणि आई ते तिला विसरू देत नसे. वहिनी हसली आणि पाणी आणायला गेली. ढेकळांच्या मधूनच आम्ही सातू पेरला.

तो हिवाळा फार कोरडा होता. बर्फ पडलं असतं तर जमिनीवर पांघरूण झालं असतं, ते पडलंच नाही. रोज रात्री जमीन गोठायची आणि रोज दुपारी सुटायची. सकाळी शेतात गेलं की तांबडी माती बोटभर वर उचललेली दिसायची. वाकून बघावं तर खाली बर्फाच्या सुया, केसासारख्या बारीक, दाटीनं उभ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचा एक कण. दुपारी सुया वितळायच्या आणि माती पुन्हा खाली बसायची, पण होती तशी बसायची नाही. जरा सैल बसायची. आत शिरलेलं पाणी गोठताना फुगायचं आणि ढेकळांना आतून चिरत जायचं. मोगरीला दाद न दिलेली ढेकळं जानेवारी संपता संपता अशी झाली की पायाचा अंगठा लागला तरी ढासळायची.

वहिनीनं त्यातलं एक अलगद उचललं, झग्याच्या घोळात ठेवून घरी आणलं आणि थेट आतल्या खोलीत जाऊन दादाच्या हातात दिलं.

"काय हे?" दादानं विचारलं.

"दाबून बघा."

त्यानं बोटं मिटली. ढेकूळ आवाजही न करता सुटलं आणि रव्यासारखी माती त्याच्या मांडीवर पडली.

"वरच्या शेतातलं?"

"हो."

"तिथलं ढेकूळ असं नसतं. दगड असतो नुसता."

"दगडच होता. शरदात मी आणि वन्संनी मार मार मारलं, फुटलं नाही."

दादा ती माती बोटांत चोळत राहिला. नाकाजवळ नेली. तेवढ्यात आई आली आणि रजईवर सांडलेली माती बघून वहिनीवर चिडली. "काही कळतं का तुला? धुवायचं कुणी हे?"

"आई, राहू दे," दादा म्हणाला. "मला हवी आहे ती."

घरी आल्यापासून त्यानं काही हवं म्हणायची ती पहिली वेळ होती. आई बाहेर येऊन चुलीत विनाकारण लाकडं सारत बसली.

फेब्रुवारीच्या चौथ्या दिवशी आमच्याकडे वसंत लागतो. थंडी तेवढीच असते, पण पंचांगात लागतो. त्या दिवशी सातूचं एक रोप उपटून मुळं मोजतात. तीन निघाली तर पीक चांगलं, दोन निघाली तर बेताचं, एकच निघालं तर काही खरं नाही. आई दरवर्षी मोजायची. गुडघे दुखत होते तरी ती शेतात आली, वाकली, एका रोपाचं टोक धरलं, आणि ओढायच्या आतच रोप तिच्या हातात आलं. मूळ एकच. बाकीची मध्येच तुटलेली. तिनं दुसरं धरलं. तेही तसंच.

आईनं वहिनीकडे बघितलं. "फोडली ना तुझ्या थंडीनं ढेकळं? आता सातूही उपटून ठेवलाय तिनं."

दोष तिचाच होता असं नाही, पण खरं होतं ते. प्योकाकांची ढेकळं शरदातच फोडून दाबलेली होती, त्यामुळे त्यांची माती कमी फुगली होती. आमची सगळी माती मोकळी, भुसभुशीत, आणि रोज रात्री गोठून वर येणारी. वर येताना ती रोपालाही घेऊन यायची, खाली बसताना मात्र रोप वरच राहायचं. मुळं मातीत नव्हती, मातीतल्या पोकळीत लोंबत होती, आणि वारा त्यांना सुकवत होता.

घरी दादानं ते रोप मागितलं. दोन बोटांनी पानापासून खाली चाचपत गेला.

"इथपर्यंत सुकलंय," तो म्हणाला. "इथून खाली अजून जिवंत आहे. तुडवून मुळं परत मातीत दाबायला पाहिजेत, आई. लगेच."

"तुडवायला माणसं कुठायत? माझे गुडघे हे असे."

"किती दिवस आहेत?"

"वीसएक. नंतर रोप कांड्यावर आलं की पाय लावता येत नाही."

मी मनात हिशेब केला. सकाळी जमीन गोठलेली, तेव्हा पाय दिला तर पानं काचेसारखी मोडतात. वितळल्या वितळल्या चिखल असतो. दुपारी वरची माती सुकली की मग संध्याकाळपर्यंत काय ते तीन-चार तास. दोघींच्या चार पायांनी ते शेत वीस दिवसांत होणारं नव्हतं.

वहिनीनंही तोच हिशेब केला असावा. ती म्हणाली, "अहो, उद्यापासून तुम्ही चला."

आई उसळली. "अगं, लाज आहे का काही? आंधळ्या माणसाला शेतात उभा करून गावाला तमाशा दाखवणार आहेस?"

आंधळा हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. तो आईच्याच तोंडून निघाला, आणि निघाल्यावर तिनं पदरासारखं धरलेलं डोक्याचं फडकं तोंडावर दाबलं.

"तुडवायला डोळे लागतात का, आई?" वहिनी हळूच म्हणाली. "पाय लागतात. आणि यांचे पाय माझ्यापेक्षा वीतभर मोठे आहेत."

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं गवताचे नवे जोडे ओसरीखालच्या दगडावर उन्हात ठेवले. त्याला हाक मारली नाही. आम्ही दोघी शेतात गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. जोडे ठेवले, आम्ही गेलो, संध्याकाळी ते तिथेच होते. मला वहिनीचा राग येत होता, आईचा येत होता, दादाचाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघायला म्हणून अंगणात आलो, तर दादा ओसरीच्या कडेला बसलेला. जोडे पायात.

"मालसुक," तो मला म्हणाला, "तिला सांग, मी तयार आहे."

"ती इथंच उभी आहे, दादा."

"मग ऐकू आलं असेल तिला."

आई स्वयंपाकघरातून आली. त्याच्या कानांवरून टोपी नीट ओढली, हनुवटीखाली गाठ मारली, आणि आत निघून गेली.

सातू वरंब्यावर ओळीनं पेरलेला असतो. दोन्ही बाजूंना सरी. पाय घसरला तर सरीत जातो, त्यामुळे वाट चुकायचं कारण नाही. हात पाठीमागे बांधायचे, एका पावलाला दुसरं पाऊल जोडत, आडवं चालायचं, एकही रोप सुटू द्यायचं नाही. वहिनीनं त्याला पहिल्या वरंब्यावर उभं केलं, स्वतः शेजारच्या वरंब्यावर उभी राहिली, आणि निघाली. त्यानं तिच्या पावलांचा आवाज धरला.

पहिली अर्धी ओळ बरी गेली. मग तो घाई करायला लागला, आणि बांधाशी ओळ संपली ते कळलं नाही. एकदम सरीत कोसळला. खालच्या शेतात प्योकाका कंबरेवर हात ठेवून बघत उभे होते. मी धावणार, तेवढ्यात वहिनीनं मला हातानं थांबवलं.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग उठा. ऊन जातंय."

दादा मातीत बसल्या बसल्या हसायला लागला. आवाज फार नव्हता, खांदे हलत होते. मी आधी घाबरलेच, मला वाटलं रडतोय. वहिनीनंही तोंड दुसरीकडे केलं. मग तो उठला, अंग झटकलं आणि पुढच्या ओळीला लागला.

चौथ्या दिवशी मध्येच तो थांबला.

"इथं कुणी तुडवलंय?"

"मी," मी म्हणाले.

"नीट नाही तुडवलंस. खाली अजून पोकळ आहे."

"तुला कसं कळलं?"

त्यानं जोडे काढले. फेब्रुवारीतल्या त्या मातीत अनवाणी उभा राहिला. "जोडे काढ, ये इथं. आता हळू दाब. कळतंय? आधी दबते, मग जरा थांबते, मग परत दबते. ते दुसऱ्यांदा दबणं म्हणजे पोकळी. पहिल्यांदा दबली की तू पुढं जातेस."

मी पाय दाबला. गार लागण्यापलीकडे मला आधी काही कळलं नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दाबल्यावर कळलं. माती खरंच दोनदा बसत होती. दुसऱ्यांदा बसताना तळव्याला एक बारीकसा निःश्वास लागायचा. इतकी वर्षं मी शाळेच्या पोरांबरोबर सातू तुडवला होता, पण तो नुसता पाय आपटून.

त्यानंतर कुठं, कधी तुडवायचं ते दादाच ठरवू लागला. शेताच्या वरच्या कोपऱ्यात टेकडीचं पाणी झिरपायचं. तिथं तो उभा राहिला आणि म्हणाला, "इथं नको. वर सुकलंय, पण खाली अजून बर्फ आहे. वितळलेलं पाणी वरच अडकलंय. आत्ता तुडवलं तर माती घट्ट चेपेल आणि वाळल्यावर वीट होईल. चार-पाच दिवस जाऊ देत."

तो कोपरा मी बिघडवला. दोन दिवसांनी ती दोघं खालच्या टोकाला होती, माझ्या ओळी लवकर संपल्या, आणि मला वाटलं तेवढं उरकून टाकावं. वर सुकलेलं दिसत होतं की. पाय जरा घसरत होता, तरी मी तुडवत गेले. पुढच्या आठवड्यात तिथं मातीचा कडक तवा झाला, त्याला भेगा गेल्या, आणि सातू पिवळा पडून मेला. मी दादाजवळ जाऊन सांगितलं, रडू आवरत नव्हतं.

तो त्या तव्यावर उकिडवा बसला, नखानं खरवडून बघितलं. "हो, चेपलीय," तो म्हणाला. "रडू नकोस. यंदा तेवढं मोकळं राहील. शरदात नांगरून तसंच ठेवू, पुढच्या थंडीत परत सुटेल. तिचं काम आहे ते, ती दरवर्षी येते."

"आई ओरडेल."

"आईला सांगायचं कशाला? ती काय इथं वर येणार आहे?"

ती दोघं शेजारच्या वरंब्यांवर चालताना बोलायची. तोंडं सारख्याच दिशेला, हात पाठीला, पावलं सावकाश. घरात ती दोघं कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. आई असायची, मी असायचे. इथं मी चार ओळी मागे असायचे, पण टेकडीवरून वारा माझ्याकडे यायचा, त्याला मी काय करणार. तो तिला मागच्या तीन वर्षांचं विचारायचा. विहीर कधी आटली, प्योकाकांची मुलगी कुठं दिली, वहिनीला तापानं झोपवलं होतं तेव्हा पाणी कोण द्यायचं. ती सांगायची. एकदा त्यानं विचारलं, "तू आता दिसतेस कशी?"

"जाड झालेय. थंडीनं गाल फुटलेत. तुम्हाला दिसत नाही तेच बरं."

"खोटं बोलतेस. जाड बाईचं पाऊल असं पडत नाही."

"कसं पडतं माझं?"

"तुडवताना तू जोर लावत नाहीस. रोपाला लागेल म्हणून भितेस."

वहिनी चालायची थांबली. मी घाईघाईनं खाली बघितलं आणि आपली ओळ तुडवत राहिले. बऱ्याच वेळानं तिच्या पावलांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आता जरा जोरात.

बाराव्या दिवशी प्योकाका बांधावर आले. घसा खाकरला. मोठा तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी शब्द जुळेनात. "तोकमान, जरा माझ्या शेतात येऊन बघतोस का? पश्चिमेच्या अंगाला रोपं पिवळी पडतायत. तुडवलंय मी, तरी..." मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे, बघ म्हणजे..."

"येतो की काका," दादा म्हणाला. "बघतो."

तिथंही माती एकदाच दबलेली निघाली. प्योकाका जड माणूस, भराभर गेले होते. दादानं त्यांना जोडे काढायला लावले. पन्नाशीचा माणूस वहाणा हातात धरून मातीवर पाय दाबत उभा, आणि दादा म्हणतोय, "थांबा काका, अजून थांबा, आता." त्या रात्री प्योकाकूंनी आमच्याकडे सुकवलेल्या मुळ्याच्या पानांचं गरम कालवण पाठवलं.

आमचं तुडवणं फेब्रुवारीच्या सत्तावीसला संपलं. त्या दिवशी मी घरीच होते, सोयाबीनच्या वड्या रांजणात मुरवायच्या होत्या. वहिनीला परतताना प्योकाकूंनी रांजण उचलू लागायला थांबवून घेतलं. दादा तिला म्हणाला, "तू ये मागून, मी जातो." ती तरी कशी हो म्हणाली कोण जाणे. म्हणाली खरी.

आई आणि मी अंगणात होतो. तो बांधावरून एकटाच येताना दिसला. एक पाय बांधाच्या कडेला घासत, हात थोडे पुढे. आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. बांध संपला की ओढा लागतो, आणि ओढ्यात पाच दगड आहेत. तो ओढ्याशी येऊन थांबला.

मी धावले. म्हणजे धावणार होते. आईनं माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की संध्याकाळपर्यंत तिथं खूण होती. ती त्याच्याकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं, आणि तिचा सगळा देह त्या ओढ्याकडे ओढला जात होता, तरी ती जागची हलली नाही. दादा खाली बसला. हातानं पहिला दगड चाचपला, त्यावर पाय ठेवला. मग दुसरा. तिसरा जरा हलतो, तिथं त्याचा एक पाय पाण्यात गेला. आईनं डोळे मिटून घेतले. मी तिला एकेक दगड सांगत राहिले. चौथा, आई. पाचवा. आला तो.

तो अंगणात आला. "कोण आहे?"

आई पुढे झाली. "मी आहे रे."

"पाय भिजला. भूक लागलीय, आई."

"बस," ती म्हणाली. "वाढते."

आत गेल्यावर तिच्या हातून दोन वाट्या निसटल्या.

मार्चमध्ये दोन हलके पाऊस झाले आणि सातू सावरला. एकेका रोपाला बाजूनं फुटवे आले. जूनच्या सुरुवातीला आम्ही कापणी केली. वरचा कोपरा टकलासारखा मोकळाच राहिला होता, आणि कापणीला वर आलेल्या आईनं तो पाहिलाच. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "बावळट," आणि पेंढ्या बांधायला लागली. प्योकाकांच्या मानानं आमचं पीक कमी आलं. पण नव्या सातूनं रांजण गळ्यापर्यंत भरला, आणि जुना दाणा संपून अवघे सहा दिवस झाले होते, तेवढ्यात नवा हाताशी आला. गावात इतरांनी याहून जास्त दिवस रानातला पाला उकडून काढले.

नवा सातू पहिल्यांदा शिजला त्या दिवशी वहिनीला वासानं मळमळलं. ती उठून परसात गेली. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. दादा जेवता जेवता थांबला.

"काय झालं तिला?"

"काही नाही," आई म्हणाली, आणि तिचा आवाज तिला लपवता आला नाही. "जा, जरा बघून ये तिला. तूच जा."

तो उठला आणि दाराची चौकट धरून परसात गेला.